शेवटचं नाव कुणाचं

तंजावर
११ फेब्रुवारी २०२३

चि. विद्युलतेस,
हंबीरकाकाचे अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम. माझं डोकं तेवढं तापलेलं आहे, आणि त्याला कारण तूच आहेस.

तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा मिळाला. जर्नलला पाठवण्याआधी म्हाताऱ्याला धाडलास, फार बरं वाटलं. इंग्रजी सगळं उमगलं नाही. पण एन्नोरच्या खाडीतली कालवं त्या विषारी गाळात कोणत्या जनुकाच्या जोरावर जगतात ते तू शोधलंस, एवढं कळलं. सरोजाकाकूलाही समजावून सांगितलं. तिनं विचारलं की त्या कालवांचं कालवण करावं की नाही. जाऊ दे.

मग नावं बघितली. सात नावं, आणि तुझं सर्वांत शेवटी! पहिलं कुणाचं, तर शरण्याचं, जी तुझ्याच हाताखाली शिकते! अग, आपल्या लोकांत लग्नाच्या कल्याणपत्रिकेवर नावं कोणत्या क्रमानं घालायची ते मला विचारून ठरतं. थोरले आधी, धाकटे मागून, आणि जागा उरलीच तर शेंबडी पोरं. तुला नेऊन पोरांत बसवलं की! तुझा बाप हयात नाही म्हणून मी गप्प बसू काय?

तुमचे संचालक राघोत्तम यांना मी पत्र लिहून टाकलं आहे की माझ्या पुतणीचं नाव पहिलं घाला. निवृत्त हेडमास्तराचं इंग्रजी आहे, बोट ठेवायला जागा नाही. काम झालंच समज.

वेळेवर जेवत जा. आशीर्वादाच्या बाबतीत तरी आमच्या घरात तुझाच नंबर पहिला.
तुझा
हंबीरकाका


चेन्नई
१६ फेब्रुवारी २०२३

ती. हंबीरकाकांस,
सा. न. वि. वि. अय्यो काका, हे काय करून बसलात!

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, नाहीतर त्याच दिवशी ओरडले असते. आता शांतपणे लिहिते. आमच्यातली रांग वेगळी असते. ज्यानं स्वतःच्या हातांनी काम केलं तो पहिला. ज्याची कल्पना, ज्याची प्रयोगशाळा, आणि उद्या चूक निघाली तर जो जबाब देणार, तो शेवटचा. लग्नघरचा यजमान सगळ्या पंगती उठल्यावर जेवतो ना, तसं. तुम्ही मला यजमानाच्या पाटावरून उठवायला निघालात.

आजवर माझ्या प्रत्येक निबंधावर शेवटचं नाव राघोत्तम सरांचं होतं. मी त्यांच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळे ते रास्तच होतं. हे मात्र माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेतलं पहिलं मोठं काम. सरांनी यात एक काचेची नळीसुद्धा उचललेली नाही. शेवटी माझं नाव राहिलं तर मी स्वतंत्र शास्त्रज्ञ. त्यांचं आलं तर लोक म्हणणार, ही अजून सरांचंच काम करते आहे. जूनमध्ये माझी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे, आणि तिथं नेमकं हेच बघतात.

सोमवारी सरांनी बोलावलं. तुमचं पत्र समोर ठेवून कॉफी पाजली, तुमच्या इंग्रजीची तारीफ केली. म्हणाले की वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये, तेव्हा तू पहिली हो, शरण्या दुसरी होईल, आणि शेवटची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून ती मी घेतो. इतक्या नम्रपणे म्हणाले की मला हसू आणि रडू एकदम आलं. शरण्यानं चार वर्षं गुडघाभर गाळात उतरून ती कालवं गोळा केली आहेत. शिंपल्यांनी तिचे पाय कापून निघाले. तिची पहिली जागा मी घ्यायची?

मी तिथल्या तिथं नाही म्हटलं. जर्नल प्रत्येकाकडून लिहून मागतं की या कामात तुम्ही काय केलंत. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना एकत्र बसवून मी तोच प्रश्न तोंडावर विचारणार आहे. सरांनासुद्धा. तुम्ही मात्र आता कुणालाही एक ओळ लिहू नका. हात जोडते.

काकूंना नमस्कार. रागावले आहे, पण लोभ कमी झालेला नाही, तुम्हीही करू नका.
तुमची
विद्युलता


तंजावर
२० फेब्रुवारी २०२३

चि. विद्युलतेस,
आशीर्वाद. पत्र वाचलं. मी शहाणा म्हणवणारा, पोरीच्या पायावर धोंडा घालून मोकळा झालो. लगेच चेन्नईच्या एग्मोर स्टेशनचं तिकीट काढायला निघालो होतो. काकूनं चप्पल लपवून ठेवली. म्हणाली की एकदा गोंधळ घातलात तेवढा पुरे.

राघोत्तमांना सोबतचं पत्र दाखव. त्यात मी स्पष्ट लिहिलं आहे की हंबीररावाला तुमच्या शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, त्याचं मागचं पत्र रद्दीत घालावं. मनात भीती एवढीच आहे की ते संचालक आहेत, मुलाखत त्यांच्या हातात आहे. पण मी तुला नमतं घे म्हणून सांगणार नाही. तुझ्या बापानंही सांगितलं नसतं. शुक्रवारी ताठ बस, आणि रिकाम्या पोटी जाऊ नकोस.

जीव टांगणीला लागला आहे, दोन ओळी तरी लवकर टाक.
हंबीरकाका


चेन्नई
२ मार्च २०२३

ती. हंबीरकाकांस,
सा. न. वि. वि. जिंकलो!

आधी शरण्याला विचारलं. ती सांगत सुटली ती थांबेचना. मग बाकीच्यांनी आपापलं सांगितलं. मग सर. ते म्हणाले, मार्गदर्शन. मी विचारलं की कोणत्या प्रयोगाला. सरांनी घसा खाकरला. तेवढ्यात शरण्या, जी मोठ्या माणसांपुढं तोंड उघडत नाही, तिनं अगदी आदरानं विचारलं की कालवं कुठून आणली तेवढं तरी सरांनी सांगावं. सर म्हणाले, पुलिकटहून. एन्नोर त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कुणी हसलं नाही, काका. सरांनीच चष्मा पुसला आणि म्हणाले, माझं नाव घालू नका. तुमचं पत्र दाखवायची वेळच आली नाही. निबंध परवा गेला. शरण्या पहिली, मी शेवटची.

आज निरोप आला की जूनची मुलाखत काही कारणानं पुढं ढकलली आहे. कारण मला माहीत आहे, तुम्हालाही. ढकलू देत. काम माझं आहे आणि ते माझ्या नावानं उभं आहे, मुलाखत आज ना उद्या होईलच. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका.

काकूंनी आता चप्पल परत द्यावी, अशी माझी शिफारस. माया आहेच, ती असू द्यावी.
तुमची
विद्युलता


चेन्नई
९ नोव्हेंबर २०२५

ती. हंबीरकाकांस,
सा. न. वि. वि. प्राध्यापक झाल्यापासून पत्रं कमी झाली ही तुमची तक्रार मान्य. मुलाखतीला दीड वर्ष झुलवलं, आता मीटिंगांनी झुलवतात.

शरण्याला कोईमतूरला नोकरी लागली हे लिहिलं होतंच. तिनं तिथं स्वतःची प्रयोगशाळा थाटली आहे. खारफुटीच्या मुळांवरचा तिचा पहिला निबंध मार्चमध्ये माझ्याकडे आला. काम असं सुंदर आहे की मी दोनदा वाचला. आणि शेवटी तिनं माझं नाव घातलं होतं, स्वतःच्या नावानंतर.

खरं सांगते काका, मोह झाला. माझ्या आजवरच्या कुठल्याही निबंधापेक्षा तो सरस आहे, आणि माझं नाव तिथं फार शोभत होतं. मी त्या कामात काही केलेलं नाही. तिला फोन करून सांगितलं की माझं नाव काढ. ती रडली, म्हणाली की गुरूला कसं काढू. मी तिला विचारलं की मुळं कोणत्या खाडीतली आहेत ते निबंध वाचायच्या आधी मला माहीत होतं का. मग दोघीही हसलो. निबंध छापून आला, प्रत सोबत जोडते.

तब्येतीला जपा. इकडं तुमच्या अक्षराची वाट पाहणारं एक माणूस आहे, एवढं ध्यानात असावं.
तुमची
विद्युलता


तंजावर
१५ नोव्हेंबर २०२५

चि. विद्युलतेस,
आशीर्वाद. प्रत मिळाली. चष्मा लावून नावं वाचली. सुरुवातीला बघितलं, शेवटी बघितलं, मधली सगळी बघितली. तू कुठंच नाहीस.

काकूनं घाबरत विचारलं की आता कुणाला पत्र लिहिणार. मी म्हटलं, पोरीला.

शाबास.
हंबीरकाका