'अनुभव' सदरात छापलेली गोष्ट

डिंडोली, सुरत
दि. २२ एप्रिल २०२५

आदरणीय अनुसया आत्यास,
वृषालीचा स. जयभीम.

वि. वि. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर बरं नाही. फोन केला असता, पण तुझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

यंदा जयंतीच्या स्मरणिकेला मी एक कथा दिली होती. गावची शाळा चौथीपर्यंत. पुढे तालुक्याला एकाच लेकराला पाठवता येणार. बापाला स्वतःला वाचता येत नाही. तो बहीण-भावाला पुढ्यात बसवतो आणि एकच धडा दोघांना वाचायला लावतो. जो अडखळणार नाही, तो जाणार. बहीण हुशार, पण भावाचं तोंड बघून ती मुद्दाम अडखळते. हे सगळं बहीणच सांगते, म्हणून मी 'मी' असं लिहिलं.

स्मरणिका बुद्धभूषणदादा त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात जुळवतात. त्यात दोन सदरं, 'कथा' आणि 'अनुभव'. 'मी' दिसलं की अनुभव, 'तो' किंवा 'ती' दिसली की कथा, अशी त्यांची वाटणी. माझी गोष्ट त्यांनी 'अनुभव'मध्ये टाकली, वर माझा फोटो छापला, आणि परवा रविवारी वंदनेनंतर ती विहारात मोठ्याने वाचली गेली.

घरात थोरल्या राकेशदादाला पप्पांनी आयटीआयला घातलं, आता तो हजिऱ्याला कामाला आहे. मी बारावीनंतर कॉलेज सोडून घरूनच बी.ए. करते. सोडलं ते माझ्या मनाने, हे तुला माहीत आहे. लोकांनी जोडायचं ते जोडलं. समोरच्या केशरबाईंनी पप्पांना जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, भगवंतभाऊ, पोरीला शिकवतो म्हणून छाती काढून फिरत होता, आता तर फोटोसकट छापून आलं. पप्पा काही बोलले नाहीत. लूमवर बारा तासांची पाळी करून येतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. रविवारी विहारात येणार नाही म्हणाले.

बुद्धभूषणदादांकडे गेले, तर ते म्हणाले, अगं, बायका रडल्या, आणखी काय पाहिजे तुला? कथा म्हटलं असतं तर निम्मे चहाला उठले असते.

मी पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात साड्यांची ऑनलाइन वर्णनं लिहिते. पॉलिस्टरला 'रेशमी स्पर्श' लिहिताना माझा हात अडतो, तर शेठ भाईदासभाई म्हणतात, लखी नाख ने बेन, म्हणजे लिहून टाक. तिथलंही बनवलेलं, गोष्टही बनवलेली. मग फरक काय? शाळेच्या आधी, आमच्या घरी राहत होतीस तेव्हा, मला अक्षरं तूच शिकवलीस, म्हणून तुलाच विचारते. विहारात उभी राहून हे सगळं खोटं आहे, असं सांगू का? पप्पांचं नाव माझ्यामुळे गेलं. मला फार थकल्यासारखं झालंय.

उत्तराची वाट बघते. रागावलीस तरी कळव.

तुझी,
वृषाली


अमळनेर
दि. २९ एप्रिल २०२५

चि. वृषाली हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पोचलं. तुझी गोष्ट त्याआधीच पोचली होती. सूनबाई सुषमाच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवली. तिने ती माझ्या कानात ओरडून वाचली, म्हणजे सगळ्या गल्लीने ऐकली. शेवटाला शेजारीण विचारायला आली, कोणाचं भांडण चाललंय.

इथे ऊन फार. माझे गुडघे आहेत तसे आहेत. पापड यंदा सुषमाने एकटीने केले, जाड झालेत, पण तिला तसं सांगितलेलं नाही. म्हणजे मीही रेशमी स्पर्श लिहिते, बाई.

खोटं आहे असं कुठेही उभी राहून सांगू नकोस. थोडी थांब. तुझी लहानपणापासूनची सवय, शेजारच्या मुलाची पाटी फुटली तरी तू रडत यायचीस, माझ्या हातून तर नाही ना फुटली म्हणून. आधी मला एवढं लिही, भगवंता नेमकं काय बोलला? काही बोलला नाही असं होणार नाही. एक शब्द बोलला असेल तरी तो लिही.

जेवत जा. माया आहेच, ती लिहून दाखवायला नको.

तुझी आत्या


डिंडोली, सुरत
दि. ६ मे २०२५

आदरणीय आत्यास,
स. जयभीम.

वि. वि. तू विचारलंस म्हणून लिहिते. पप्पांनी मला एकच विचारलं होतं. ती मुलगी मुद्दाम अडखळली, हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही, मीच रचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाले. त्या दिवशी त्यांचा डबा भरलेलाच परत आला.

तुला लिहायला बसले आणि एक आठवलं. मी जेवत नसे तेव्हा तू मैनांची गोष्ट सांगायचीस. राजा दोन मैनांना म्हणतो, जी नीट बोलेल तिला सोडतो. थोरली मैना मुद्दाम चुकते आणि पिंजऱ्यात राहते. मैना काढून मी माणसं घातली, एवढंच झालं की काय? मग मीच रचलं, असं पप्पांना सांगितलं तेही खरं नव्हतं. मी कोणाची गोष्ट चोरली, आत्या?

तुझी,
वृषाली


अमळनेर
दि. १३ मे २०२५

चि. वृषाली हिस,
आत्याचे आशीर्वाद.

वि. वि. चोरली नाहीस. मीच दिली होती.

बाप आमचा. थोरली मैना मी. धडा पाणपोईचा होता, आणि 'ओंजळ' या शब्दावर मी तीनदा अडले. येत असलेलं चुकवायला फार कष्ट पडतात, तुला सांगते. भगवंता शेजारी बसून बोटाने ओळ धरून होता. तो तालुक्याला गेला, दहावीला दोनदा नापास झाला आणि सुरतेला लूमवर लागला. म्हणून कधी बोलले नाही. मोठा साहेब झाला असता, तर एखाद्या भांडणात बोलूनही गेले असते.

पण कोणाला तरी सांगावंसं वाटायचं. तुझ्या बापावर बोट ठेवायचं नव्हतं, म्हणून मैना केली. मैनेला कोणी विचारत नाही, तुझा भाऊ कोण. तू पुन्हा माणसं केलीस, आणि तुमच्या बुद्धभूषणने त्याचा अनुभव केला. आहे ते एकच.

तू फरक विचारला होतास. साडीचं वर्णन माणसाला साडी घ्यायला लावतं. गोष्टीला कोणाकडून काही नको असतं. माणूस तीत आपलं आपण बघतो, आणि बघवलं नाही तर गोष्टच आहे म्हणून मिटून ठेवतो. ती सोय भगवंताकडून काढून घेऊ नकोस. त्याच्या अंगात आता दुसरं ओझं उचलायचं बळ नाही. विहारात खोटं म्हणू नकोस, खरंही म्हणू नकोस. गोष्ट आहे म्हण. माझं नाव घेतलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. तसंही मला ऐकू येत नाही.

तुझी आत्या


डिंडोली, सुरत
दि. २१ मे २०२५

आदरणीय आत्यास,
स. जयभीम.

वि. वि. रविवारी वंदनेनंतर उभी राहिले. म्हटलं, ही गोष्ट आहे, चुकून अनुभव म्हणून छापली गेली. पप्पांनी मला कधी थांबवलं नाही, कॉलेज मी सोडलं. केशरबाई मागून मोठ्याने म्हणाल्या, मग आम्ही फुकटच रडलो का गं? सगळे हसले. मागे वळून बघते तर दारापाशी, चपलांजवळ, पप्पा उभे. केव्हा आले कोण जाणे.

घरी येताना आम्ही दोघंच होतो. मी खोटं बोलले नाही, आत्या. पण सगळं बोललेही नाही, आणि ते मनाला लागून आहे. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, गोष्टीचा शेवट चुकलाय. माझ्या गोष्टीत भाऊ पुढे तहसीलदार होतो. पप्पा म्हणाले, कोणी मानणार नाही, त्याला लूमवर घाल. मी म्हटलं, मग बहिणीचं अडखळणं वाया गेलं असं वाचणाऱ्याला वाटेल. म्हणाले, वाटू दे. बहिणीला काय वाटतं, असं मी विचारलं. ते भावाला माहीत नाही, म्हणाले. त्याने कधी विचारलंच नाही. त्याला एकदा तिच्याकडे पाठव.

तिथे जाऊन तो काय बोलतो, असं मी विचारलं. म्हणाले, बोलत नाही. जाऊन तिच्याजवळ बसतो. एवढंच लिही.

सोमवारी त्यांनी कामावर तीन दिवसांची सुट्टी मागितली. एकतीस तारखेच्या शनिवारी भुसावळच्या गाडीने आम्ही दोघं तुझ्याकडे यायला निघतो.

तुझी,
वृषाली