मागून न उघडणारं घड्याळ

चिखली, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज ह्यांनी हातातलं घड्याळ काढून पालथं केलं आणि मागे सुरीचं टोक लावलं. मी मेथी निवडत होते, हात तिथेच थांबला.

त्या घड्याळाला मागे झाकणच नाही. डबी एकसंध आहे, काच काढून यंत्र समोरूनच बाहेर घ्यायचं. हे मला ह्यांनीच सांगितलेलं, आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालायचं तेव्हा. मागे ओरखडे पडलेलं असं घड्याळ कोणी आणलं की हे चिडायचे, "सुरी काऊन लावली बे?" जन्मभर लोकांच्या ओरखड्यांवर चिडलेला माणूस, आणि आज स्वतःच...

"हे झाकण काऊन निघून नाही राह्यलं?" मलाच विचारत होते. चष्मा विसरायचे, नावं विसरायचे, मी हसण्यावारी नेलं. पण घड्याळ?

सुरी हिसकावून घ्यावीशी वाटली. नाही घेतली. त्यांचं बोट धरून काचेवर ठेवलं. "हे समोरून उघडते."

"तुले कोणं शिकवलं?"

"माह्या घरवाल्यानं."

हसले. किती दिवसांनी! "मंग त पक्का कारागीर दिसते. आणजो एकदा त्याले दुकानावर."

आणते म्हटलं. चावी देऊन घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. मागे एक बारीक ओरखडा पडलाय, तो त्यांना दिसू दिला नाही. दिसला असता तर चिडले असते, सुरी कोणी लावली म्हणून.