सहा गाड्या आणि सत्तेचाळीस मिनिटं

शेठजी, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. अक्कलकुव्यातल्या माझ्या ऑफिसात बसून हे लिहितोय. सहा ट्रक आहेत आता, सहाही माझ्या नावावर. खापर गावातल्या तुमच्या गोडाउनात आलो तेव्हा मी आठवी नापास होतो, हे तुम्ही चारचौघांत कधी बोलला नाहीत. आता मोबाइलवर हिशोबाचा तक्ता मी स्वतः मांडतो. कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत, एकेक बटण दाबून शिकलो, आणि एकदा मांडलेला तक्ता पुन्हा तीनदा तपासतो. ती तपासायची सवय मात्र तुमची.

यंदा एक नवा खर्च मांडावा लागला. अंकलेश्वरच्या एका कारखान्याने अट घातली की वर्षाचं काम हवं असेल तर प्रत्येक गाडीत जीपीएसची डबी पाहिजे, म्हणजे गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसलं पाहिजे. एजंट आला आणि म्हणाला, "साहेब, गाडीमागे साडेतीन हजार, विषय संपला." मी म्हटलं, विषय आत्ता सुरू झाला, बसा. सीमकार्ड कोणाचं? दुसऱ्या वर्षाची वर्गणी किती? उंदराने वायर कुरतडली तर माणूस नंदुरबारहून येणार की सुरतेहून, आणि त्याचं भाडं कोण देणार? डिझेल मोजायचा सेन्सर बसवायचा तर टाकीला भोक पाडावं लागतं, मग उद्या टाकी गळली तर ती कोणाची? त्याने चहा अर्धा ठेवला. तीन एजंटांचे भाव शेजारी शेजारी लिहिले तेव्हा कळलं की सगळ्यात स्वस्त डबी तिसऱ्या वर्षी सगळ्यात महाग पडते. तुम्ही असता तर तक्त्यावर बोट फिरवून फक्त "हं" म्हणाला असता. तुमच्या त्या "हं"साठी मी काय काय केलंय, ते माझं मला माहीत.

पण तुमच्याकडे तर अकरा गाड्या होत्या, आणि ड्रायव्हरच्या खिशात फोन नव्हता. तरी कोणती गाडी कुठे असेल हे तुम्ही गादीवर बसून सांगायचात. आम्ही बाहेरून आलो की आधी पाण्याचा तांब्या, मग तुमचा एकच सवाल: "हां भाई, कोण कोण मिल्या?" माल उतरला का, पावती कुठे, हे सगळं त्यानंतर. रस्त्यात आपली कोणती गाडी समोरून आली, नेत्रंगच्या अलीकडे की पलीकडे, ताडपत्री ताणलेली होती की फडफडत होती, ड्रायव्हरने हात केला का. समोरासमोर आलो की हॉर्न दोनदा आणि हात वर, हा आपल्या गाड्यांचा रिवाजच होता. एकाचं ऐकून दुसऱ्याचा ठिकाणा तुम्ही जुळवायचात. आम्हीच एकमेकांची खबर आणायचो, आणि त्यात पाळत आहे असं कुणाला कधी वाटलं नाही.

एक दुपार अजून तशीच दिसते. मी नवा ड्रायव्हर, बावीस वर्षांचा. अंकलेश्वरहून खत भरून आलोय, तुम्ही विचारता, कोण कोण मिल्या, आणि मी तक्रारीच्या सुरात सांगतो की डेडियापाड्याच्या पुढे मामा भेटले, पण हात केला नाही, फार भाव खातात. आम्हा सगळ्यांना गियर त्यांनीच शिकवलेला, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणायचो. तुम्ही हातातलं पान खाली ठेवता. "हात नाही केला? मामाने?" आणि उभे राहता. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: "अरे, रोज हात करणारा माणूस आज हात करत नाही, अन् तू तसाच निघून आला? थांबला का नाहीस?" तेवढंच. मला आजही कानशिलात बसल्यासारखं वाटतं. तुम्ही जीप काढायला लावलीत. नेत्रंगच्या अलीकडे मामा केबिनमध्ये तापाने फणफणलेले सापडले, गाडी मात्र रस्त्याच्या कडेला नीट लावलेली, चाकाखाली दगड. दवाखान्यात तीन दिवस. गाडीचं भाडं बुडालं, त्याबद्दल तुमच्या तोंडून एक अक्षर आलं नाही.

मामा आता माझ्याकडे आहेत, किंवा होते म्हणावं. सहा डब्या एकदम घेण्याआधी एकच डबी पंधरा दिवस वापरून बघायची असं मी ठरवलं, आणि ती मामांच्याच गाडीत बसवली. कारण मला हिशोबी वाटलं होतं: ज्याच्यावर शंकाच नाही, त्याच्या गाडीत डबी खरं दाखवते का ते चोख कळेल. बाकीचे ड्रायव्हर हसत होते. एक म्हणाला, "मामा, घाबरू नका. आमले ते बायकोच ट्रॅक करस, तिले डबी बी लागत नही." मामाही हसले तेव्हा.

नवव्या दिवशी डेडियापाड्याच्या जंगलात नकाशावर लाल ठिपका थांबला. वीस मिनिटं, तीस, चाळीस. माल कुठे अडकला म्हणून कारखान्याचा माणूस फोनवर फोन करतोय. मी मामांना फोन लावला आणि, शेठजी, जसं बोललो तसं लिहितो: "मामा, सत्तेचाळीस मिनिटं झाली. माझ्यासमोर दिसतंय सगळं. झोपलात का?" पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, "भाऊ, गाडी उभी शे. मी झोपेल नही." आणि फोन बंद.

नंतर कळलं, माझ्याच दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, चढावर, भरल्या मालासकट. तिचा ड्रायव्हर नवा, घाबरलेला. मामा त्याच्या गाडीच्या चाकांना दगड लावून, मागच्या गाड्यांना हात दाखवत उन्हात उभे होते. त्या गाडीत डबी नव्हती, म्हणून माझ्या नकाशावर ती गाडी नव्हतीच. सगळं दिसतंय म्हणालो होतो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "ही ले भाऊ. आते गाडी तुन्ही डबीच हाकी लेई." रागाने म्हणाले असते तर मी उलट बोललो असतो. ते शांतपणे म्हणाले, पायरीवरच्या चपला घातल्या आणि गेले. आज दहावा दिवस. गाडी अंगणात उभी आहे. एक तारखेपासून कारखान्याचं वर्षाचं काम सुरू होतंय, आणि एक ड्रायव्हर मिळेलही. पण त्या रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीसाठी थांबणारा माणूस कोणत्या एजंटकडे मागायचा? बाकीचे पाच जण आता मला बघून उठून जातात.

या दहा दिवसांत मी तक्ता चार वेळा नव्याने केला. डिझेलचा सेन्सर काढून टाकला. डब्या सहाच्या सहा घ्यायच्या, एकाही गाडीला वगळायचं नाही. नकाशा ऑफिसात एकट्याने बघायचा नाही, ड्रायव्हरांच्या फोनवरही सगळ्या गाड्या दिसतील अशी सोय करायची; तिचे वेगळे पैसे पडतात, तेही धरले. ठिपका थांबला तर पहिला फोन कारखान्याला नाही, जवळच्या आपल्या गाडीला: जरा बघ रे, काय झालं. पैशापैशाला जुळलंय सगळं. तुम्हाला दाखवावं असा तक्ता झालाय.

आणि हे सगळं तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. मामांचं घर ऑफिसच्या मागे दोन गल्ल्या सोडून आहे. त्यांना सांगायचं वाक्य एवढंच: मामा, मी चुकलो. मी अजून गेलेलो नाही. आजही चपला घातल्या, दारापर्यंत गेलो, आणि परत येऊन हे लिहायला बसलो.