आबांचा बरा फोटो

५ फेब्रु., गुरु.
आबांना महाडला डॉ.कडे नेलं. हृदयाची झडप खराब. मुंबईला ऑपरेशन, १६ला. वय बघता धोका आहेच, म्हणाले. दादा तिकडेच असतो, त्याने फोनवर सगळं ठरवलं. स्टँडवर आबांना पोलादपूरच्या गाडीत बसवलं तेव्हा खिडकीतून म्हणाले, "माझा येक बरा फोटो काढून ठेव गो."
कशाला, ते विचारलं नाही. आबांच्या घरी भिंतीवर आईचा फोटो आहे तो काकीच्या लग्नातला, आई गेल्यावर कापून मोठा केलेला. उन्हाने डोळे बारीक झालेत आईचे, आणि खांद्यावर काकीची हळदीची बोटं तशीच राहिलीत. आबांना ती रोज खुपतात.
 

८ फेब्रु., रवि. कापडे, आबांचं गाव.
आमच्या यांनी पढवून पाठवलं होतं. भर उन्हात नको, दारातल्या सावलीत बसव, मोबाईल डोळ्यांच्या जरा वर धर, हनुवटी किंचित पुढे, म्हणजे गळ्याच्या सुरकुत्या लपतात. सगळं कळलं, आणि मुद्दाम उलटं केलं. भर दुपारी, अंगणात, खालून. आजारी माणसाचा चांगला फोटो काढला की माणूस जातो, असं शेजारची सखूआत्या म्हणते. मी बी.एस्सी. आहे. तरी.
आबांनी चष्मा लावून बघितलं. "ह्यो तर आत्ताच मेलाय." आणि हसले.

९ फेब्रु., सोम.
रात्री राहिलेच. सकाळी उठून बघते तर आबा दाढी करून, धुतलेली टोपी घालून पडवीत तयार. आज नीट काढ म्हणाले, नातवंडं भ्यायला नकोत. आधी बसले पासपोर्टसारखे ताठ, श्वास रोखून. मग म्हशीने दावं ओढलं. तिला एक सणसणीत शिवी घातली आणि स्वतःच हसले, तेवढ्यात काढला. इतका सुंदर आलाय! हाच लागणार भिंतीवर, असं मनात आलं आणि जीभ चावली. मेली, नको तेच सुचतं.

११ फेब्रु., बुध.
फोटो मोठा करायला महाडच्या स्टुडिओत. मालक स्क्रीनवर बघून छान आलाय म्हणाला, आणि टाइप करायला बसला. "नाव सांगा. आणि तारखा?"
दोन तारखा. त्याचं रोजचंच काम, वाईट काही मनात नव्हतं. "अहो, जिवंत आहेत," म्हटलं. बिचारा ओशाळला. मी तशीच बाहेर, फोटो न करता. आबांना फोनवर थाप मारली, मशीन बंद आहे म्हणून. मग घाई कर, म्हणाले.
घाई कसली करू?

१६ फेब्रु., सोम. मुंबई.
आत न्यायच्या आधी नर्सने कवळी काढायला लावली, डबीत घालून माझ्या हातात दिली. आबांचे गाल एकदम आत गेले. मी मोबाईलवर घरी मेसेज करत होते, त्यांना वाटलं फोटोच काढतेय. तोंडावर हात धरला. "आसा नको काढू गो."
नाही काढत, म्हटलं. नेलं त्यांना.
काढायला हवा होता.
दादाने आणलेला चहा गार झाला. आतून कुणी येत नाही. तो सुंदर फोटो नको मला. ते बोळकं तोंड परत हवंय.