फळीची उंची

९ मार्च, सोमवार, दुपार

प्रिय ठकूस,

दादाचे आशीर्वाद. तू बरी असशील. मीही बरा आहे असं लिहिणार होतो, पण कशाला उगाच. उजवा खांदा पार आखडलाय. कोपर टेबलावर टेकलं की कात्री चालते, पत्रही लिहिता येतं. पण दुकानातल्या रिळांच्या फळीपर्यंत हात जात नाही. परवा निळा दोरा हवा होता, म्हणून स्टुलावर चढलो. चौदा वर्षं तू त्यावर चढत होतीस आणि मी म्हणायचो, "बुटकी ती बुटकीच." स्टूल डुगडुगतं, हे मला परवा कळलं.

व्यायाम शिकवायला एक पोरगी येते. नुसतं डोकं उठवते. काठी धरा, भिंतीवर बोटं चढवा. मी हात उचलला की म्हणते, "काका, खांदा कानाला लावताय, ही चोरी झाली." परवा वैतागून म्हटलं, बाई गं, दुखतोय हात, तर पाठ कशाला दाबतेस? तर म्हणाली, हात एकटा काही करत नाही. साधा डबा काढायचा तरी बोटं निघायच्या आधी पाठीचे स्नायू सावध होतात. खांद्यावरचा मोठा स्नायू हात उचलतो, आतले चार लहान स्नायू खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवतात आणि पाठीवरचं चपटं हाड मागून फिरत राहतं. "वर जाण्यातला तिसरा हिस्सा त्या हाडाचा, काका. दिसतो मात्र हातच."

तीस वर्षं लोकांचे खांदे मोजले आणि हे मला कालच्या पोरीनं सांगावं. तू मात्र गिऱ्हाइकाला हात वर करायला लावून माप घ्यायचीस. मी हसायचो.

शाळेतल्या सरांच्या कोटाबद्दल लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. फळ्यावर लिहायला हात उचलला की अख्खा कोट वर चढायचा, म्हणून ते भर दुकानात ओरडले. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतो ती खाच, फार खाली उतरला होता. सैल म्हणजे आरामाचा, ही समजूत माझी. तू आधीच म्हणाली होतीस, "दादा, मुंढा वर घे, तरच हात सुटेल." आणि मी सरांना काय सांगितलं? बहिणीनं कापलाय, तिला अजून अक्कल नाही. तू कात्री ठेवलीस आणि गेलीस. सात महिने झाले. तेव्हा तू एक शब्द जरी बोलली असतीस तर... हे वाक्य खोडलंय असं समज. बोलायचं मला होतं.

काल सरांच्या घरी जाऊन खरं सांगून आलो. ते म्हणाले, "मला कशाला सांगताय? तिला सांगा." राग आला त्यांचा, पण बोलले ते बरोबर.

सकाळी सुतार आला होता, फळी खाली घ्यायला. विचारत होता, किती उंचीवर बसवू? अख्ख्या गावाची मापं माझ्या वहीत आहेत, तुझं नाही. न ताणता तुझा हात कुठवर पोचतो, मला ठाऊकच नाही. त्याला पुढच्या सोमवारी ये म्हटलंय. भिंतीला टेकून हात वर कर, माप घे आणि कळव. यायचं नसलं तरी कळव. फळी तिथेच बसवीन.

मुंढा मी कापला होता.

तुझा दादा