एक नंबरची खोली

प्रिय धाकट्या जाऊबाई,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही मजेत आहोत असं लिहायचं असतं, पण मी मजेत नाही. माझं डोकं फिरलंय.

नव्या घरात मुलगा-सुनेची खोली ठरलेली, बाकी मी, वन्सं आणि नात अशा तिघींना तीन खोल्या. मी म्हणते वन्सं, तुम्ही आधी निवडा. वन्सं म्हणतात छे, तूच निवड. दोन दिवस हेच. शेवटी नात (अर्थशास्त्र शिकते, हुशार आहे हो, माझ्यावर गेलीय) म्हणाली, चिठ्ठीवर खोल्यांना नंबर द्या, मी शास्त्राप्रमाणे वाटते. मी चष्मा पुसून नंबर दिले. रस्त्याकडच्या खोलीतून बसस्टॉप दिसतो, कोण कोणाबरोबर उतरलं ते कळतं. तिला भरघोस तीन. मधलीला दोन. मागच्या कोंदट खोलीला उपकार म्हणून एक. (तिनापैकी तीन म्हणजे पैकीच्या पैकी, एवढं दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईलाही कळतं!)

तर कार्टीनं मला मागचीच दिली! म्हणे, आजी, ही तुझी पहिली पसंती. भिंतीपलीकडे वॉशिंग मशीन, ते फिरायला लागलं की माझी कवळी वाटीत नाचते. वर शास्त्र ऐकवते : दुसऱ्या कोणाचं बिघडवल्याशिवाय आता एकीचंही भलं करता येत नाही, म्हणून वाटणी उत्तम. मी चिडून विचारलं, मग अख्खं घर एकटीला दिलं तरी उत्तमच की, तिच्याकडून काढलं तर तिचं बिघडेल! तर टाळ्या पिटून म्हणाली, आजी, अगदी बरोबर, परीक्षेत हेच येतं! (कौतुकानं ऊर भरून आला. पण खोली मागचीच.)

आता खरी आग ऐक. तिनं चिठ्ठ्या फ्रिजवर लावल्यात. वन्संचे गुडघे धरलेले, त्यांना बाथरूमजवळची मागची खोली हवी होती, मला पक्कं ठाऊक. आणि त्यांनीही तिलाच तीन दिलेत! म्हणून त्या रस्त्याकडच्या खोलीत कानात कापूस घालून बसतात. अदलाबदल केली तर दोघींचं भलं, बिघडत कोणाचंच नाही. मी सहज विचारलं, आवडली ना खोली? तर म्हणाल्या, आवडणारच, एक नंबर मीच दिलाय! चौथी शिकलेल्या ना त्या! मग मीसुद्धा म्हटलं, मलाही माझी फार आवडते.

तुझी,
मोठी जाऊ

ता. क. तू वन्संना फोन कर. त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटते म्हण, मागची खोली मागून घ्या म्हण. मी आधी नको नको म्हणेन. मी चिठ्ठीत चुकले हे मात्र बोलू नकोस.

ता. क. २. वन्संनी आत्ताच तुझा पत्ता विचारला. त्याही तुला पत्र लिहितायत. त्यात काय असेल ते मला न वाचताच कळलंय, तेव्हा फोन करू नकोस. आधी त्यांनाच मागू दे.