धनेश सांगतो

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

आज संशोधनाच्या संमतीपत्रावर आठव्या माणसाची सही झाली. सही कसली, अंगठा! लिहिता येतं त्याला, जेलमध्ये शिकला. पण म्हणाला, "अंगठा खोटा नाय पडत."

जन्मठेप. चौदा वर्षं भोगून सुटलेला. मूळचा झरीचा, आता कैनाडला एका चिकूच्या वाडीत राखणीला. बायको आहे, पाच वर्षांची मुलगी आहे. वाडीवाल्या शेठला मागचं काही माहीत नाही. कळलं तर वाडी गेली, राहती खोली गेली, मुलीची अंगणवाडी गेली. म्हणून भेटायचं ते आशागडला, सुटलेल्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या खोलीत. रविंद्र बाहेर बसतो — संस्थेचा कार्यकर्ता, माझा ड्रायव्हर, चहावाला, सगळंच.

मी नेहमीचं भाषण ठोकलं. तुमचं नाव कुठेही येणार नाही. जे सांगाल ते लिहून, छापण्याआधी झरीत शाळेच्या ओट्यावर लोकांपुढे वाचून दाखवणार.

"झरीत वाचणार, नक्की?"

नक्की. पण नाव तुमचं नसेल —

"झरीतच ना?"

घाबरला बिचारा. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. मग म्हटलं, खोटं नाव तुम्हीच निवडा. बाकीच्यांनी सिनेमातल्या हिरोंची घेतलीत! याने अंगठ्याची शाई पुसली. मग म्हणाला, "धनेश."

एकदा खोटं नाव ठरलं की खरं उच्चारायचंसुद्धा नाही, ही माझी शिस्त. या वहीतही नाही. "धनेशभाऊ, चहा घ्या," म्हटलं. त्याने मान वर केली आणि "ओ" म्हणाला. अगदी शाळेतल्यासारखा.

५ डिसेंबर

डहाणूत आले की माझं वय गळून पडतं. काकूच्या अंगणात बोंबील वाळत घातलेत — जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर. आई हे न बघता करायची. बोलता बोलता, मला रागावता रागावता. मी आज अर्धा तास बसले. वीस जोड्या, त्यातल्या सहा खाली पडल्या. काकू म्हणाली, "शिकून शिकून हात गेले गो तुझे."

आईला जाऊन वर्ष होईल. वास मात्र तोच आहे अंगणाला.

सुनिता मॅडमचा फोन. माझ्या गाईड. "केसचे कागद वाचलेस का सगळ्यांचे?" नाही वाचले, मुद्दामच. आधी माणूस ऐकायचा, मग गुन्हा वाचायचा. नाहीतर समोर माणूस दिसतच नाही, कलम दिसतं. मॅडम म्हणाल्या, "निलम, तुझी तत्त्वं जरा जास्त होतात." होऊ देत!

१७ डिसेंबर

बाकीचे सात जण न विचारता गुन्ह्यावर येतात. मी नव्हतोच तिथे, पोलिसांनी अडकवलं, दारूने केलं. धनेशभाऊ त्या वाटेला जातच नाही. त्याला एकच विषय — दोस्त. नाव घेत नाही, "माझा दोस्त" एवढंच.

दोघं एका वर्गात. हा बकऱ्यांमागे डोंगरावर, आणि शाळेत याची हजेरी दोस्त लावायचा. आपल्या नावाला जाड आवाजात "हजर", याच्या नावाला बारीक आवाजात. गुरुजींना दोन वर्षं कळलं नाही. मग एक दिवस हा खरंच शाळेत गेला, तर एका नावाला दोन "हजर" आले! दोघांनाही छड्या.

इतकी हसले की रविंद्र डोकावून गेला. मुलाखत म्हणतात का याला? पण टेप चालू ठेवला.

३१ डिसेंबर

काही नाही. बोंबील नऊ जोड्या, एकही पडली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

दोघांत मिळून चपलांचा एक जोड होता. तलासरीच्या बाजाराला जाताना ओढ्यापर्यंत दोस्ताच्या पायात, तिथून पुढे याच्या. बाजारात मात्र एकेक पायात एकेक. "लोकांना वाटायचं, दोघांची एकेक हरवली."

मग ताड. दोस्त कमरेला कोयता लावून सरसर चढायचा, हा खाली मडकं धरून उभा. याला उंचीची भीती. वरून तो ओरडायचा, "समुद्र दिसतो रे! होड्या दिसतात!" याने कधी चढून बघितलं नाही. "खरं होतं की खोटं, अजून माहीत नाय, ताई. तुम्ही समुद्रावरच्या. तुम्ही सांगा, झरीवरून दिसत असेल?"

मला काय माहीत! पण नियम मोडून मीच बोलत सुटले. बाबांची होडी, आईची टोपली, भरतीचं पाणी पार दारापर्यंत. संशोधकाने आपलं आयुष्य मध्ये आणायचं नसतं. तो छान ऐकत होता.

निघताना विचारलं, दोस्त कुठे असतो आता?

"नाय तो आता."

पुढे विचारलं नाही. दुखेल ते उकरायचं नाही, असं फॉर्मवर मीच लिहिलंय. ताडीने गेला असेल.

२८ जानेवारी

दिवसभर लिहीत बसले. धनेशचं प्रकरण सगळ्यात लांब झालंय. कापवत नाही.

टेप ऐकताना एकदम वाटलं, आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. इतक्या चोरांचे, मारेकऱ्यांचे तास न् तास आवाज माझ्या कपाटात, आणि आईचा एक शब्द नाही. तिच्या गोष्टीही आता पाच-सहाच आठवतात. त्याच त्याच. काकूला विचारलं, तर तिनेही त्यातलीच एक सांगितली.

रडले थोडी. मग चिंबोरीचं कालवण खाल्लं.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको. लिहिते.

झरी. शाळेचा ओटा, तीसेक माणसं, पुढे बाया. पाच जणांचं वाचून झालं. माणसं जांभया देत होती, कुणी उठून गेलं. सहावं वाचलं — "धनेश सांगतो." सगळं एकदम शांत. मला वाटलं, लिखाण रंगलं! मूर्ख मी. पुढे वाचत गेले. हजेरी, चपला, ताड. "माझा दोस्त ताडावर चढायचा, मी खाली मडकं धरून..."

पुढे बसलेली एक म्हातारी बोलली. मोठ्याने नाही, पोराची चूक दाखवावी तशी.

"उलटं लिवलंस गो बाय. चढायचा तो धनेश. खाली मडकं धरायचा तो बाबल्या."

मी कागद धरून उभी. मग एकीने माझ्या कानाशी सांगितलं. ही जानीबाय. धनेश हिचा एकुलता. वीस वर्षांपूर्वी, होळीच्या दिवशी, ताडीच्या नशेत भांडण झालं, आणि बाबल्याने धनेशच्याच कोयत्याने त्याला मारलं. जिवाभावाचा दोस्त. तेव्हापासून पाड्यात धनेशचं नाव कुणी काढत नाही, जानीबाय दुखावते म्हणून.

दोन महिने मी खुनी माणसाला, त्याने मारलेल्या माणसाच्या नावाने हाका मारत होते. आणि तो ओ देत होता!

मी माफी मागायला खाली बसले. जानीबायने माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "दर्याचं परत वाच."

वाचलं. "समुद्र दिसतो रे, होड्या दिसतात."

"कठला दर्या दिसतं तठून!" ती हसली. दात नाहीत, तरी तोंडभर हसली. "लबाड होता." मग हसू गेलं. "कठं हाय तो बाबल्या?"

सांगता येत नाही, म्हटलं. मी शब्द दिलाय.

"नको सांगू. माफ नाय करायची मी त्याला. मरेपर्यंत नाय." बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. "पण माझ्या पोऱ्याच्या गोष्टी अजून असतील त्याच्याकडं. माझ्याकडच्या संपल्या."

मला तिथे रडायचा हक्क नव्हता. तरी रडले.

१० फेब्रुवारी

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. निकालाचे कागद आज वाचले. मयताचं नाव पहिल्याच ओळीत आहे. वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

सुनिता मॅडम ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. खोटं नाव केसमधल्या कुणाचं नको, हा साधा नियम. विद्यापीठाच्या नीती समितीला कळवायचं, प्रकरण काढून टाकायचं, त्या माणसाला सांगायचं की ओळख फुटली. आणि त्या आईला पुन्हा कोणी असं उघड्या ओट्यावर बसवायचं नाही. बरोबर आहे सगळं. झरीतून कैनाडला बातमी जायला किती वेळ लागणार? वाडी गेली तर माझ्यामुळे. मी काढलेल्या फॉर्मवर अंगठा होता त्याचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आशागड. त्याला सगळं सांगितलं. हात जोडले. ओळख फुटली, शेठच्या कानावर जाईल, प्रकरण काढतेय, तुम्ही माझ्यावर तक्रार करू शकता, असं सगळं म्हटलं. त्यातलं त्याने काही ऐकलंच नाही.

"म्हातारी आलेली?"

पुढेच बसली होती.

"समुद्राचं वाचलंत?"

दोनदा.

"हसली?"

हसली, म्हटलं. आणि तिचा निरोप सांगितला, जसाच्या तसा. माफीचंही सांगितलं. तो खाली बघत मान हलवत राहिला. म्हणाला, "हायत अजून. पुष्कळ हायत."

तेव्हा मला पहिला दिवस आठवला. झरीत वाचणार, नक्की? झरीतच ना?

घाबरला नव्हता तो. पत्ता बरोबर आहे ना, ते बघत होता.